कडक नियम

कुबात : सोनुन एजे, तुमच्या ईमेलचे अकरा नियम नव्या कॉम्प्युटरवर आले. बारावा अडलाय. जुन्याचा पडदा अर्धा काळा, तेवढा एक शब्द दिसत नाही. कुठला शब्द असलेली पत्रं कचऱ्यात जायची?

सोनुन : माझ्या सासऱ्यांचं नाव आहे ते.

कुबात : मग सांगा की.

सोनुन : तीस वर्षांत घेतलं नाही, ते तुझ्यासाठी घेऊ? किरगीझ ना तू? सून कधी सासऱ्याचं नाव घेते का?

कुबात : नाव घ्यायचं नाही, पण कचऱ्यात टाकलेलं चालतं?

सोनुन : ते वारले, तर वर्षश्राद्धाला कोणता घोडा कापायचा यावर भाऊबंदांनी पत्रं लिहून लिहून माझं डोकं खाल्लं. प्रत्येकात त्यांचं नाव. शेवटी केला नियम. टाइप केलं फक्त, बोटांना कुठे जीभ असते?

कुबात : काही खूण तरी द्या.

सोनुन : आगगाडीचे रूळ कशाचे? ते.

कुबात : लोखंडाचे. म्हणजे आपल्या किरगीझमध्ये तेमिर.

सोनुन : ते तू म्हण. मी लोखंडालाही 'कडक'च म्हणते.

कुबात : आणि रेल्वेला?

सोनुन : कडक वाट. दात काढू नकोस, तळलेले बोरसोक खा.

कुबात : थांबा. कचऱ्यातली सगळी पत्रं भाऊबंदांची नाहीत. जानिल कोण?

सोनुन : मुलगी माझी. रशियात, कझानला असते. तिथल्याच एकाशी लग्न केलं, तेव्हा मी नको ते बोलले. वर्ष झालं, एक ओळ नाही तिची. मीही फोन केला नाही. म्हटलं, आधी ती लिहील.

कुबात : चौदा पत्रं आहेत, एजे.

सोनुन : वाच.

कुबात : मार्चमधलं. "आई, मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, तेमिर."

सोनुन : पुढचं.

कुबात : "तेमिर हसतो आता." "तेमिरला दात आला." हे परवाचं. "आई, तुला नाव आवडलं नाही का?"

सोनुन : गाढव आहे. ती नव्हे, मी.

कुबात : मग हा नियम नव्यावर घालू?

सोनुन : चुलीत घाल. फोन दे इकडे.

(ती नंबर पाठ असल्यासारखा लावते.)

सोनुन : जानिल? हो, मीच. पत्रं आत्ता मिळाली गं, आत्ता. रडायचं ते नंतर रड. आधी आमच्या कडकोबाला दे फोन.