पाण्याची हाळी

आप्पासो : आन् काल रातीला फोनवर माझी हाळी कितींदा वाजवलीस म्हनतोस?

बिरदेव : इसेक वेळा. आवाज नीट बसत नव्हता.

आप्पासो : वाघरीपासून किती लांब?

बिरदेव : वाघरीच्या जाळीला टेकूनच बसलो हुतो. मेंढरं आत हुती, आप्पा. मला काय म्हाईत ती उठत्याल.

आप्पासो : पान्याची हाळी हुती ती. पान्याची हाळी ऐकली की मेंढरू उठतंयच. इसवेळा उठली, इसवेळा जाळीला थटून माघारी बसली. आज खरोखर पान्यावर बोलवतोय तर मान वर करंनात. दुपार टळली, एकाचं तोंड वलं न्हाई.

बिरदेव : हाकून न्हेऊ की ओढ्यावर.

आप्पासो : आज न्हेशील. रोज दीडशे मेंढरं काठीनं हाकनार हाईस? माझी हाळी खोटी पाडलीस तू. तीस वर्षांत मी कवा उगं दिली न्हाई.

बिरदेव : माझं बी काय खुशीत चाललं न्हाई, आप्पा. हितं माळावर बसून गेम खेळायचो, तवा व्हिडिओत मागनं तुमची हाळी यायची. लोकास्नी ती लय आवडली. मी जिंकलो की बघनारी पाच लाख लोकं तुमच्यावानी हाळी द्यायची.

आप्पासो : मंग?

बिरदेव : मंग गेमच्या कंपनीनं करार केला, सांगलीत खोली दिली. भिंतीला स्पंज. बाहेरचा आवाज आत येत न्हाई.

आप्पासो : चांगलं हाय की.

बिरदेव : आता रोज इचारत्यात, आप्पा कुठं गेले. खेळतंय कोन, ह्याचं कुनाला काय न्हाई. निम्मी लोकं गेली बी. लय लागलं मला ते.

आप्पासो : म्हनून माझी हाळी फोनात भरून न्यायला आलास.

बिरदेव : उद्या सांगलीत लाईव्ह हाय. लोकं परत आली न्हाईत तर कंपनी करार मोडनार.

आप्पासो : मंग वाजव की. पर त्यास्नी कळंल.

बिरदेव : कसं कळंल?

आप्पासो : मेंढरास्नी एका दिवसात कळलं.

बिरदेव : मानसं हायती ती.

आप्पासो : म्हनून म्हनतो, दोन दिस लागतील.

बिरदेव : मंग तुमीच चला की सांगलीला.

आप्पासो : आन् त्या खोलीत कुनाला पान्यावर बोलवू?

(बिरदेव फोन काढून वेळ बघतो.)

आप्पासो : तुझं उद्याचं तू बघ. आधी हे बघ. हाळी दे.

बिरदेव : मी?

आप्पासो : तुझा आवाज अजून खोटा पडला न्हाई त्यांच्यात.

बिरदेव : मला येत न्हाई, आप्पा.

आप्पासो : पाच लाख लोकास्नी येती म्हनलास.

(बिरदेव हाळी देतो. आवाज मध्येच फाटतो.)

बिरदेव : एक बी हलंना.

आप्पासो : त्या तांबड्या मेंढीनं कान हलवला. तू फोनाकडं बघत हुतास.

बिरदेव : वळख पटायला किती दिस लागतील?

आप्पासो : बोलवून रोज पान्यावर न्हेलंस तर आठ-धा दिस.

बिरदेव : उद्या लाईव्ह हाय.

आप्पासो : मी धरून ठेवलं न्हाई तुला. पर आज तू बोलवलंस आन् पानी गावलं, तर उद्या ती हुडकतील तुला.

बिरदेव : मला?

आप्पासो : मंग आनि कुनाला. फोन खिशात घाल आन् परत हाळी दे.