इकडे बघा!

...आणि वर त्या पालक बाई मलाच म्हणतात, "अहो दादा, जरा बाजूला व्हा ना, माझ्या फोटोत येताय!" तुम्हाला सांगतो, मी गळ्यात एवढा मोठा कॅमेरा अडकवून, एका पायावर, डुगडुगत्या स्टुलावर उभा, दुसरा पाय हवेत, कशासाठी? तर यांचंच पोरगं शाळेच्या पोत्यातल्या शर्यतीत नाकावर पडायच्या आत टिपायचं म्हणून! आणि या मोबाईल वर करून मला म्हणतात, बाजूला व्हा! झालो बाजूला. पोरगं पडलं. फोटो त्यांचाही गेला, माझाही गेला. पण बोललो का मी काही? आता काय बोलणार? म्हटलं, "इकडे बघा..." आणि पडलेल्या पोराचा काढला फोटो!

मी मुळात बोलणारा माणूसच नाही हो. लाजाळू. गिऱ्हाइकाला "हनुवटी जरा वर करा" म्हणायचं तरी मनातल्या मनात आधी दोनदा म्हणून बघतो. मामाच्या स्टुडिओत असतो मी, पासपोर्ट फोटो काढतो. शाळा नववीत सुटली. म्हणजे शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. नववीच्या बाकावर दोन वर्षं बसलो आणि मग उठलो, एवढं खरं. तेव्हा याच शाळेच्या ऑफिसात बाबांना बोलावून सांगितलं होतं, "हा मुलगा आमच्या शाळेत शोभत नाही." आणि गेल्या वर्षी मुख्याध्यापक बाई स्वतः स्टुडिओची पायरी चढून आल्या, काय म्हणाल्या? "तू आपल्याच शाळेचा ना रे?" मी म्हटलं, "नववीपर्यंत." "मग झालं तर! आपल्याच शाळेचा! आपल्या शाळेचे फोटो आपणच काढायचे. आपल्या माणसाला काय पैसे द्यायचे, नाही का?" बघा! शिकायला परका, फुकट राबायला आपला!

मामा पडद्यामागून म्हणाला, "जा जा, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाज!" तरी गेलो. का गेलो म्हणाल, तर... सांगतो, सांगतो, त्यावरच येतोय.

आधी वर्गांचे ग्रुप फोटो. तुम्हाला वाटत असेल, मुलं त्रास देत असतील. छे! मुलं कसली, देवमाणसं! एकमेकांच्या डोक्यावर शिंगं काढतात, पण डोळे उघडे ठेवून काढतात. त्रास कुणाचा? गणिताच्या सरांचा! सर मधल्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर, चेहरा असा की आता वही तपासतील. मी बटण दाबलं की यांचे डोळे बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा बंद. सगळ्या वर्गाचे उघडे, यांचे मिटलेले, हिशोब एकदाही चुकला नाही! आता सांगू कसं? ज्या माणसाने नववीत दोन वर्षं मला रोज "डोळे उघड, गधड्या!" म्हणून उठवलं, त्याला मी कोणत्या तोंडाने म्हणू, "सर, डोळे उघडा"? जीभच रेटेना. म्हटलं, "इकडे बघा..." आणि काढला फोटो! छापून आल्यावर सर मलाच म्हणाले, "अरे, तुला अजूनही एक गोष्ट धड जमत नाही!"

मग ओळखपत्रांचे फोटो, मग विज्ञान प्रदर्शन. तिथे एका ज्वालामुखीने माझ्या एकुलत्या एक चांगल्या पँटवर स्फोट केला. वर्षभर हेच. एरवी शाळेत माझ्याकडे कुणी बघत नसे, आणि बघितलंच तर म्हणत काय? "फोटो छान आलेत हो! कॅमेरा चांगला असणार!" कॅमेरा! अहो, वर्ग पास झाला तर गणिताच्या सरांना कुणी म्हणतं का, "छान शिकवलंत हो, खडू चांगला असणार!" पण मी काय बोलणार?

आणि मग एक दिवस बाई म्हणाल्या, "वार्षिक कार्यक्रमात तुझा सत्कार करायचं ठरलंय. स्टेजवर. पाहुण्यांच्या हस्ते."

तुम्हाला सांगतो, मला ऐकूच येईनासं झालं. कारण... आता सांगतो, का गेलो ते. माझे बाबा त्या शाळेत जेव्हा जेव्हा गेले ना, तेव्हा ऑफिसात उभं राहून बोलणी खायलाच गेले. हातात टोपी धरल्यासारखे हात समोर घ्यायचे, टोपी नसायचीच. मला एकदा, फक्त एकदाच, बाबांना त्या शाळेत खुर्चीवर बसलेलं बघायचं होतं, आणि त्यांनी तिथे माझं नाव चांगल्या कारणासाठी ऐकायला हवं होतं. बास. पैसे नकोत, चहासुद्धा नको.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "नक्की तुझंच नाव आहे ना? नीट विचारलंस?" आई म्हणाली, "अहो, पोराला म्हणा काहीतरी चांगलं!" बाबा म्हणाले, "म्हणतो ना, आधी होऊ तर दे." पण शर्टाला इस्त्री स्वतः केली. दोनदा.

कार्यक्रम. सभागृह गच्च. आईबाबा तिसऱ्या रांगेत, बाबा खुर्चीच्या अगदी कडेला टेकलेले, केव्हा उठवतील नेम नाही अशा बेताने! मी स्टुलावर. नाच झाले, नाटक झालं, भाषणं... भाषणं चालूच. आणि मग बाई माइकवर म्हणाल्या, "वर्षभर नि:स्वार्थपणे आपल्या शाळेचे फोटो काढणारे..." आणि माझं नाव! पूर्ण! वडिलांच्या नावासकट! टाळ्या! मी स्टुलावरून उतरलो, स्टेजच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला...

आणि बाई म्हणतात, तेही माइकवर, "अरे, पण तू इकडे आलास तर फोटो कोण काढणार?"

सगळं सभागृह हसलं. कुणीतरी म्हणालं, "मोबाईलवर काढा की!" तर बाई म्हणाल्या, "छे छे! वार्षिक अंकात छापायचाय. त्याच्यासारखा फोटो दुसऱ्या कुणाला जमणार आहे?"

बघा तुम्ही! वर्षभर ज्या शाबासकीची वाट बघितली, ती मिळाली! आणि कधी मिळाली? एक पाय पायरीवर असताना! शाबासकीच आडवी आली हो!

"असं करू," बाई म्हणाल्या, "हेडक्लार्क भाऊसाहेब, तुम्ही या, त्याच्या वतीने तुम्ही घ्या." आणि भाऊसाहेब उठले! नाही म्हणतील, संकोच करतील... नाव नको! तुरुतुरु वर आले, केसांवरून हात फिरवला, पाहुण्यांच्या हातून फुलं घेतली, सन्मानचिन्ह घेतलं, आणि मान अशी नम्रपणे झुकवली की जणू वर्षभर स्टुलावरून हाच पडत होता! बाई मला खुणावतायत, "घे, घे लवकर!" आता काय बोलणार? गेलो मागे, चढलो स्टुलावर. म्हटलं, "इकडे बघा..." आणि माझ्याच सत्काराचा काढला फोटो!

सन्मानचिन्ह भाऊसाहेबांच्या टीव्हीवर आहे. "ये कधीतरी, घेऊन जा" म्हणालेत. कसं जाणार? वार्षिक अंकात फोटो छापून आला, खाली ओळ, "शाळेच्या छायाचित्रकाराचा सत्कार." त्यावरून दोन जणांनी भाऊसाहेबांना लग्नाच्या फोटोंसाठी विचारलं! आणि भाऊसाहेबांनी मला फोन केला, "अरे, मी शब्द देऊन बसलोय, तेवढं तू जाऊन ये ना. आपलीच माणसं आहेत, पैशांचं काढू नकोस." गेलो हो. जाऊन आलो!

पण एक सांगायचं राहिलं. अंकात तो फोटो बाईंनी डावीकडून कापला. "बाजूला कोणीतरी मध्येच उभं राहिलंय, बरं दिसत नाही," म्हणाल्या. घरी येऊन मी अख्खा फोटो उघडून बघितला. स्टेजवर भाऊसाहेब, पाहुणे, बाई, सगळं सभागृह स्टेजकडे तोंड करून टाळ्या वाजवतंय. आणि तिसऱ्या रांगेत एकच माणूस उभा. स्टेजकडे पाठ. टाळीसाठी हात वर घेतलेले, आणि बघतोय सरळ माझ्या कॅमेऱ्याकडे. डोळे सताड उघडे. बाबा.

मी काही बोललो नाही, तेही काही बोलले नाहीत. आमच्या घरात बोलायची पद्धतच नाही. मोठा छापून आणला, तर बाबांनी स्वतः खिळा ठोकला आणि भिंतीवर लावला.

परवा शेजारच्या काकू आल्या. चष्मा लावून फोटो इकडून बघितला, तिकडून बघितला. "मुलाच्या सत्काराचा ना? मग यात मुलगा कुठाय?"

बाबा म्हणाले, "तो यात नाही. मी बघतोय ना, तिकडे आहे तो."

तुम्हाला सांगतो, बाबा बोलले! एवढं बोलले! शेजाऱ्यांसमोर! म्हटलं, मिळालं, सगळं मिळालं, आता ते सन्मानचिन्ह भाऊसाहेबांच्या टीव्हीवरच राहू दे जन्मभर...

काकू अजून बघतच होत्या. मग मान डोलावून म्हणाल्या, "पण फोटो काय सुरेख आलाय हो!"

मी म्हटलं, आता... आता नक्की...

"कॅमेरा चांगला असणार!"