तेरा वर्षांत किती?

वारंगा फाट्यावर माझी मोटरसायकल घसरली अन् डोक्याला मार बसला, हे तुमाला माहीतच हाय. पण दवाखान्यात काय झालं, ते ऐका.

डोकं ठिकाणावर हाय का, हे बघायला डॉक्टरनं विचारलं, "तुमचं लग्न कोणत्या तारखेला झालं?"

मला काही केल्या आठवेना. डॉक्टरचा चेहरा उतरला. "यांना नांदेडला न्यावं लागंल," म्हणत त्यांनी फोन हातात घेतला.

तेवढ्यात बायको पुढं आली. "थांबा डॉक्टरसाहेब, मी विचारते." अन् माझ्याकडं वळून म्हणाली, "अहो, अमेरिकेतला तो बास्केटबॉलवाला, तेरा वर्षांत बारा वेळा चॅम्पियन झाला त्यो. रोज चहा पिताना सांगता न त्याचं?"

मी ताडकन उठून बसलो. "बारा न्हाई, अकरा! कितीदा सांगू तुला? तेरा वर्षांत अकरा!"

तिला रडूच फुटलं. "फोन ठेवा डॉक्टरसाहेब. यांचं डोकं बराबर हाय."

"अन् लग्नाची तारीख?"

डोळे पुसत ती म्हणाली, "ती तर पडायच्या आधीबी यांच्या ध्यानात नव्हती."