दुर्बिणीच्या कड्यावरचा आकडा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती दत्तोपंत, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

दत्तोपंत आज आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त होत आहेत. मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर आहे. त्यांच्या गुणांविषयी आधीचे वक्ते बोलले आहेत. मी फक्त एका दुरुस्तीविषयी सांगेन. ज्यांच्या घरची ही गोष्ट, ते माझे सासरे दौलतराव पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे.

होळकरांच्या फौजेतल्या घरांत दसऱ्याला तलवारीबरोबर दुर्बिणीचीही पूजा होते हे आपण जाणता. हळद, कुंकू, वर फुलांचं पाणी. दसरा झाला की अशा दुर्बिणी प्रयोगशाळेत येतात आणि दत्तोपंत आणणाऱ्याला म्हणतात, "भिया, तलवारीला कुंकू चालतं. हिला लावलं तर हिला कुंकूच दिसणार ना?"

आमच्या घरची दुर्बीण मात्र कधी आली नव्हती. ती माझ्या यजमानांची, कै. गजाननरावांची. काश्मीरच्या आघाडीवरून ती त्यांच्या ट्रंकेत परत आली. तेव्हापासून मामंजींनी तिला कुणाला हात लावू दिला नाही. दसऱ्याला ते स्वतः ती डोळ्यांना लावत, बराच वेळ बघत आणि ठेवून देत. त्यांना धूसर दिसायचं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

का नव्हती? दुर्बिणीच्या पुढच्या भिंगात शिरताना किरण वाकतो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो, आणि दूरची वस्तू नळीत उलटी उतरते. ती सुलटी करायला आत दोन लोलक असतात. लोलक किरण वाकवतो असं आपण म्हणतो. दुर्बिणीत तो किरणाला आतल्या आत परतवतो. एक लोलक वरचं खाली करतो, दुसरा डावं उजवीकडे नेतो. इथपर्यंत सगळ्यांना सारखं. डोळ्याजवळचं भिंग तेवढं ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे, आकडे कोरलेलं कडं फिरवून लावावं लागतं. गजाननरावांचा डावा डोळा किंचित अधू होता. त्यांनी ते बाहेर सांगितलं नव्हतं. घरी माहीत होतं. डाव्या कड्यावर त्यांनी लावलेला आकडा तसाच होता. मामंजी मुलाच्या नजरेला लावलेल्या भिंगातून बघत होते.

यंदा मामंजींनी ती डोळ्यांना लावली तेव्हा पुढच्या भिंगातून मला आत लोलकांवर बुरशी दिसली. बुरशी काच खाते. साफ करायचं तर कडी फिरवून काढावी लागतात. मी मामंजींना हे सांगितलं. ते म्हणाले, राहू दे. मी पुन्हा विषय काढला नाही.

मग माझ्याकडून हे कळल्यावर दत्तोपंत छत्रीबागेतल्या आमच्या घरी आले. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. उठता उठता म्हणाले, "दौलतरावजी, आकडा मी लक्षात ठेवतो. साफ करून कडं परत तिथेच आणून देतो. फक्त एक सांगा, बघणार कोण?"

मामंजींनी आत जाऊन दुर्बीण टॉवेलात गुंडाळून आणली आणि त्यांच्या हातात दिली.

दत्तोपंतांची एक पद्धत आहे. दुरुस्तीनंतर डोळ्याचं भिंग ते स्वतः कधी जुळवत नाहीत. वापरणाऱ्यालाच जुळवायला लावतात. चष्म्याचा नंबर काय शेजाऱ्याच्या डोळ्यावरून काढतात, असं विचारतात. आमची दुर्बीण मात्र त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे जुन्या आकड्यावर आणून दिली. मामंजींनी ती हातात घेतली. डोळ्यांना लावली नाही. माझ्यापुढे धरली.

"सूनबाई, तुझ्या डोळ्याला लाव."

मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, "बोललो ना मी."

मी डावं कडं फिरवलं. जरा जड होतं. नदीपलीकडच्या गच्चीवर एक बाई गहू वाळत घालत होती. तिच्या बांगड्या मोजता आल्या असत्या. मी मोजल्या नाहीत. काय दिसतंय, असं मामंजींनी विचारलं. स्पष्ट दिसतंय, एवढं मी सांगितलं. ते मान हलवून आत गेले.

दत्तोपंत, या कामाबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते, ते आज सर्वांसमक्ष मानते. अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आपलीही मी ऋणी आहे. शास्त्राची काही चूक झाली असेल तर दत्तोपंतांनी आत्ताच सांगावी. बाकीच्या चुका आपण सर्वांनी पोटात घालाव्यात.

जुना आकडा मला माहीत आहे. कडं पुन्हा तिथे नेता येईल. अजून नेलेलं नाही.

नमस्कार.