पानकाचं प्रमाण

—बसा हो अक्का, पात्र कुठं पळून जात नाही. माळ्यावरनं काढलंच आहे, ते बघा, भिंतीला टेकवून ठेवलंय, कल्हईसुद्धा करून आणली — मला काय ठाऊक, यंदा दुसरीच्या हाती जायचंय ते. नाही, तुमच्यावर राग नाही. मठातनं तुम्हाला पाठवलं, तुम्ही आलात. अप्पाजींना स्वतः येऊन सांगायला जड गेलं असेल, मठाचे मुख्य ना ते, म्हणून बायकांचं बायकांत. 'गोमती, यंदा रामनवमीचं गूळ-लिंबाचं पानक तू करू नको, पात्र तेवढं दे' — झालं, सांगून झालं तुमचं. अत्ता टेका जरा. उन्हातनं आलात, लिंबाचं सरबत देते. नुसतं सरबत हो, त्यात काही नाही.

हाताकडे काय बघताय? लिंबू असं पाटावर तळहातानं लोळवायचं, मग कापायचं. बी एकसुद्धा राहू द्यायची नाही. आणि पिळताना त्याचा जीव काढायचा नाही — शेवटचे थेंब सालीतले, ते कडू. हे मला कुणी शिकवलं? आईनं नाही, सासूबाईंनी नाही. आमच्या मुलीनं, सौंदर्यानं, चेन्नईहून, फोनवर व्हिडिओ दाखवून. लेकीनं आईला दारूचे पेले करायला शिकवले — ऐकायला कसं वाटतं ना? पण हे तेव्हा स्वामीमलैच्या बसमधनं उतरायचे — उतरायचे कसले, कंडक्टर उतरवायचा. दारूच्या कडैमागं — दुकानामागं — उभं राहून, प्लास्टिकच्या पेल्यात, पाण्याचं पाकीट दातानं फोडून — बँकेतला मॅनेजर माणूस. नेसलेली वेष्टी, धोतर हो, गटाराला लागलेली. मी दारात उभी, आणि समोरच्या ओट्यावर सगळी गल्ली. तुम्हीही होतात. नाही कशा, होतात. तुम्ही आत जाऊन दार लोटून घेतलंत, तेवढा माझा मान ठेवलात, विसरले नाही मी. दुसऱ्या दिवशी यांना म्हटलं, प्यायचंच ना, घरी प्या. एकच पेला. मी करून देते.

आणि करून दिला. काळी रम असायची, तिच्यात गुळाचा पाक, लिंबू, चिमूटभर सुक्कु — सुंठ हो — आणि बर्फ. कधी सात्तुकुडीचा, म्हणजे मोसंबीचा, रस नि व्होडका, पेल्याच्या कडेला मीठ. नारत्तंगाई, ते मोठं कडसर लिंबू, मिळाली तर तिची साल पेल्यावर नुसती मुरडायची, वासापुरती, आत टाकायची नाही. मी चाखलं कां? विठ्ठलाची शपथ, बोटसुद्धा चाटलं नाही. हे घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि सांगायचे, 'गोमू, आज सुंठ वर आली.' दुसऱ्या दिवशी मी कमी घालायची. 'लिंबू मागं राहिलं.' मग दुसऱ्या दिवशी लिंबू. 'शेवटचा घोट कडू झाला' — तेव्हा सौंदर्याचं बियांचं सांगणं पटलं. सगळ्या संसारात एवढं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं. आमटीला कधी बरी म्हणाले नाहीत, की वाईट म्हणाले नाहीत. आणि पेला करताना माझ्याकडे बघत बसायचे. मीही मग दिवे लागायच्या आधी तोंड धुऊन, वेणी घालून, मोगरा माळून — काय सांगतेय मी तुम्हाला. जाऊ दे. प्या सरबत.

मग कार्तिकातल्या अमावास्येला तिरुविसनल्लूरला गेले, गंगा येते म्हणतात त्या विहिरीवर गर्दीत स्नान केलं, आणि सोडली. एका दिवसात सोडली. चांगलंच झालं, मी कुठं नाही म्हणते? मी नारळ फोडला देवापुढं. पण मठात भजन संपल्यावर उभे राहून काय बोलले, ऐकलंत ना? 'माझ्या घरातच मला पेला भरून मिळत होता, तिथनं मला विठ्ठलानं ओढून काढलं.' सगळे रडले. अप्पाजींनी मिठी मारली. मी झांजा मांडीवर घेऊन बायकांत बसलेली, आणि सगळ्यांचे डोळे यांच्याकडनं फिरून माझ्याकडे. खोटं नाही हो बोलले. भरून मिळत होता. कुणी भरला, कां भरला, त्याआधी हे कुठं पडलेले असायचे — तेवढं गाळलं. जिच्यामुळं गटार सुटलं तीच गटार झाली. मला फार लागलं ते, अक्का. अजून लागतं. अत्ता माझ्या हातची कॉफीसुद्धा घेत नाहीत, आपली आपण करतात. तुझ्या हाताला तो वास आहे म्हणतात. हुंगा तुम्ही, लिंबाशिवाय कसला वास आहे?

खाली कां बघताय? ... अक्का, हे अप्पाजींचं सांगणं नाही होय? यांनीच सांगितलं मठात? माझ्या हातचं पानक रामापुढं नको म्हणून, यांनीच? — राहू द्या, नका बोलू. कळलं मला. बरं. एक कडी तुम्ही धरा, एक मी धरते, दारापर्यंत नेऊ. रिक्षा उभी आहे ना?

काय म्हणालात? प्रमाण? गूळ किती, लिंबं किती, सुक्कु किती — यंदा माझ्या जागी शरण्या, तिला पहिल्यांदाच करायचंय, तेवढं सांगू?

ठेवा ते पात्र खाली. ऐका. नैवेद्य चाखायचा नाही, बरोबर? मग माझं पानक एवढं नेमकं कसं व्हायचं, कधी मनात आलं तुमच्या? आधी मी कसं करायची आठवतं कां? एका वर्षी आंबट, एका वर्षी नुसतं गुळाचं पाणी, दुपार होईतो कडू व्हायचं — तीर्थ म्हणून गिळायचे लोक. मागाहून अप्पाजी पुन्हा पेला पुढं करायला लागले, ते कशानं? तोच गूळ, तेच लिंबू, तीच सुंठ. यांनी रोज चाखलं, यांनी सांगितलं, मी रम तेवढी वगळली आणि रामापुढं ठेवलं. तुम्ही सगळे प्यालात ते यांच्याच पेल्यातलं प्रमाण. हे मी कुणाला सांगणार नव्हते, यांनाही नाही. माझा हात बाटला म्हणता, आणि प्रमाण चालतं?

नाही, मी नाही सांगायची. यांना विचारा. कपाळभर गोपीचंदन लावून पुढंच बसतात की, सगळ्यांसमोर विचारा — सुंदरराव, सुंठ किती घालू? चिमटीचा फरक कळतो यांच्या जिभेला. उचला. मी नाही धरत अत्ता, रिक्षावाल्याला हाक मारा.