खापरपणजोबांचा मूळ रंग

विषय : बंदराच्या बंडातील छायाचित्रात यंत्राने गोऱ्या केलेल्या इसमाचा मूळ वर्ण परत मिळणेबाबत. — नाही मॅडम, अर्ज मी मोठ्यानेच वाचणार. निवृत्त होईपर्यंत एकतीस वर्षं दफ्तरखान्याच्या याच खिडकीच्या आत बसलोय, न वाचलेल्या अर्जाचं काय होतं ते मला विचारा. इसम म्हणजे माझे आजोबा. काळे कुळकुळीत, गोदीत कोळसा वाहायचे. झेंडा धरून पुढे आहेत ना, तेच. तुमच्या यंत्राने फोटो रंगवला आणि आजोबा दुधात न्हाले — त्यावरून सिनेमा निघाला, त्यात तर ते घोड्यावर! कोळसा वाहणारा माणूस घोडा कुठून आणणार? पण गोरा म्हटला की घोडा आलाच. आणि फितूर? तो काळा. नटाला रोज तासभर काजळी फासायचे म्हणे. झाला लोकांचा इतिहास पाठ, तीन तासांत, मध्यंतरासकट — गोऱ्यांनी देश सोडवला, काळ्यांनी विकला.

हसू नका. माझी नात आजोबांच्याच रंगाची. शाळेत बंडाचं नाटक आहे. ही म्हणाली, झेंडेवाले माझे खापरपणजोबा. बाई म्हणाल्या, सिनेमा नाही पाहिलास? आणि दिलं फितुराचं काम. घरी येऊन विचारते, “आजोबा, आपण फितुरांचे का?” — काय सांगू?

काय म्हणता? यंत्राने मनाने नाही रंगवलं? तुरुंगाच्या नोंदवहीवरून? शक्यच नाही. दाखवा. — हं. ‘वर्ण : गोरा.’

अक्षर वळणदार आहे, नाही? मूळ वहीला वाळवी लागली होती. नवी प्रत काढायचं काम एका कारकुनाकडे आलं — हो, माझ्याकडेच. धाकट्या बहिणीचं लग्न अडलं होतं तेव्हा. मुलाकडचे म्हणाले, मुलगी काळी, निदान घराणं तरी कळू द्या, कागद दाखवा. दाखवला. एकच शब्द बदलला, मॅडम — बाकी ओळ बरहुकूम, कानामागच्या तिळासकट. सुखात आहे ती. तिच्या सासरी अजून सांगतात, सुनेचे आजोबा गोरेपान होते.

मूळ वही? नष्ट केली. नियमानुसार. खाली सही माझीच.

पुरावा जोडा म्हणता. पुरावा एकच, तो तुमच्यासमोर उभा आहे — पण लेखी द्यायचं तर आधी बहिणीला विचारायला हवं. नाटक शनिवारी आहे.

नाही, अर्ज परत देऊ नका. असू द्या तुमच्याकडे. शेरा मी सांगतो, पाठ आहे मला. लिहा — पुराव्याअभावी अर्ज प्रलंबित.