पहिलं नाक

कादंबरी : पुन्हा सांगते, जगताप. ‘आता सगळं ठीक आहे’ हे वाक्य कोर्टात उच्चारायचं नाही. तुम्ही नुकसानभरपाई मागायला चाललाय, सत्यनारायणाचं आमंत्रण द्यायला नव्हे.

केदार : पण ठीक आहे ना, मॅडम. जखम भरली. चक्कर थांबली. खोटं कसं बोलू?

कादंबरी : खोटं बोला असं मी कधी म्हटलं? जे झालं ते सांगा. मी तुमची वकील नाही, समोरच्या विमा कंपनीची आहे असं समजा. बोला.

केदार : सकाळची वेळ होती. मी स्कूटरवरून डेअरीत कामाला चाललो होतो. कात्रजच्या चौकाअलीकडे एक गाडी कडेला उभी होती. मी शेजारून जायला आणि आतल्या गृहस्थांनी दार उघडायला एकच गाठ पडली.

कादंबरी : मागे न बघता दार उघडलं.

केदार : आरशात बघायचं राहून गेलं म्हणाले. माणूस वाईट नाही हो. आप्पासाहेब म्हणतात त्यांना. दवाखान्यात दोनदा येऊन गेले, संत्री घेऊन.

अस्मिता : ती संत्री सोलून मीच भरवली यांना. उशीवरून डोकं उचलवत नव्हतं.

कादंबरी : माणूस चांगला असतो आणि निष्काळजीही असतो. एकाच वेळी दोन्ही जमतं. आणि पैसे आप्पासाहेबांच्या खिशातून जाणार नाहीत, त्यांच्या गाडीचा विमा आहे. हेल्मेट होतं?

केदार : होतं. पट्टासुद्धा लावला होता.

कादंबरी : पुण्यात पट्टा लावणारा माणूस मला एकदा बघायचाच होता. लागलं कुठे?

केदार : डोक्याला मागे. दुभाजकावर आपटलो. आठवडाभर आयसीयूत होतो, ते मला काही आठवत नाही.

अस्मिता : मला आठवतं.

कादंबरी : आता कंपनी काय म्हणते ते ऐका. दवाखान्याचं बिल देतो, बुडालेला पगार देतो, वर थोडे ठेवतो, विषय संपवा. का? तर माणूस बरा झाला, त्याच डेअरीत त्याच जागी कामाला लागला. मग कायमचं नुकसान कसलं? याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे?

केदार : नाही.

अस्मिता : आहे.

केदार : अस्मिता, नको.

अस्मिता : शाळेतून अर्धी रजा टाकून मी इथे सदाशिव पेठेत गप्प बसायला आले नाही. मॅडम, यांना वास येत नाही.

कादंबरी : कशाचा?

अस्मिता : कशाचाच.

केदार : जरा सर्दी आहे, एवढंच.

अस्मिता : अपघातापासून सर्दी? मॅडम, गेल्या महिन्यात मी घरी आले तर जिन्यातच गॅसचा वास. दार उघडलं, तर हे स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं. मी सिलिंडर बंद करून धावत खिडक्या उघडतेय आणि हे विचारतायत, ‘एवढी घाई कसली चाललीय तुझी?’

केदार : बटणाला माझाच कोपर लागला असणार.

अस्मिता : कोपराबद्दल कुणी बोलतंय का?

कादंबरी : थांबा जरा. जगताप, डेअरीत तुमचं काम काय? मला तुम्ही ‘दूध विभाग’ एवढंच सांगितलंत.

केदार : दूध उतरवून घ्यायचं.

कादंबरी : नीट सांगा.

केदार : गावागावांतून कॅन येतात. झाकण उघडलं की वास घ्यायचा. दूध चांगलं असेल तर पुढे पाठवायचं. आंबूस वाटलं, रॉकेलचा, औषधाचा वास आला, तर कॅन बाजूला. प्रयोगशाळेत तपासणी होतेच नंतर. पण आधी माणसाचं नाक. आमच्यात म्हणतातच, पहिलं नाक.

कादंबरी : आणि तुमचं नाकच गेलंय.

केदार : हो.

कादंबरी : मग कामावर परत गेल्यापासून करताय काय?

केदार : संभाजी असतो शेजारी. माझ्याहून मोठा आहे, निवृत्तीला आलाय. झाकण तो काढतो. मी त्याच्या तोंडाकडे बघतो. त्याचं नाक आक्रसलं की मी म्हणतो, हा कॅन बाजूला घ्या.

अस्मिता : हे मला सांगितलं नाहीत तुम्ही.

केदार : कुणालाच नाही सांगितलं.

कादंबरी : जगताप, हेच तर तुमचं नुकसान आहे. ते सोडून तुम्ही मला टाक्यांचे फोटो दाखवत होतात.

केदार : मॅडम, मी कोर्टात बोललो की डेअरीत कळणार. नाक गेलेल्या माणसाला तिथे कशाला उभं करतील? माझी उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. नवीन माणसं आली की साहेब माझ्याकडे पाठवतात, जगतापकडून शिकून घे म्हणतात. भरपाई मिळेल तेव्हा मिळेल. नोकरी उद्या जाईल.

कादंबरी : आणि नाही बोललात तर?

केदार : चाललंय तसं चालेल.

कादंबरी : संभाजीला पडसं झालं तर?

केदार : एकदा तो रजेवर होता.

कादंबरी : मग?

केदार : भीती वाटली. जरा शंका आली की कॅन बाजूला, असं करत करत जवळजवळ सगळेच बाजूला काढले. आमचे रंगराव साहेब येऊन म्हणाले, आज काय गवळ्यांशी भांडण झालंय का तुझं? नंतर प्रयोगशाळेत सगळं दूध चांगलं निघालं. पण तोवर लोक उन्हात ताटकळले. एक म्हातारा पार वेल्ह्याकडून आला होता. तो नुसता बघत होता माझ्याकडे.

कादंबरी : तुम्हाला झोप लागते का हो?

केदार : नाही.

अस्मिता : रात्रभर कूस बदलतात. मला वाटायचं डोकं दुखतंय.

कादंबरी : ऐका. मी वकील आहे, मला आशा विकता येत नाही. नोकरी राहीलच असं मी म्हणणार नाही. पण कोर्टाच्या आधी डेअरीत सांगा, स्वतःच्या तोंडाने. तुमच्या साहेबांना हे कंपनीच्या वकिलाकडून कळलं, तर ते तुम्हाला माफ करणार नाहीत, आणि बरोबरच करतील. मग नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डोक्याला मागून मार बसला की वासाची नस तुटू शकते, हे मी याआधी एका केसमध्ये ऐकलंय. तपासणी होते त्याची. सर्दी म्हणून कोपऱ्यात बसू नका.

केदार : आणि कामावरून काढलं तर?

अस्मिता : काढलं तर काढलं. माझा पगार आहे. ऋतुजाचं शेवटचं वर्ष आहे कॉलेजचं, तीही लागेल कामाला. पण तुम्ही उद्या सांगणार आहात.

केदार : तू रागावलीस?

अस्मिता : रागावलेय. ते घरी गेल्यावर.

(चार महिन्यांनंतर. शिवाजीनगरला, कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर अस्मिता बसली आहे. केदार आणि कादंबरी आतून येतात.)

अस्मिता : झालं? किती वेळ लावलात. आणि मला का बाहेर बसवलं?

कादंबरी : एका साक्षीदाराला दुसऱ्याची साक्ष ऐकू देत नाहीत. तुमची साक्ष व्हायची होती. आता बहुतेक गरज पडणार नाही.

अस्मिता : म्हणजे? हरलो?

कादंबरी : तुमच्या यजमानांनी समोरच्या वकिलाला गप्प केलं. मी तीस वर्षं प्रयत्न करतेय.

केदार : मी काही केलं नाही. रंगराव साहेबांनी सांगितलं सगळं.

अस्मिता : काय म्हणाले रंगराव?

केदार : खरं तेच. जगताप स्वतः माझ्याकडे आला, म्हणाले. त्याआधी मला काही कळलं नव्हतं. दूध घेण्याच्या जागेवरून आम्ही त्याला माल पाठवायच्या विभागात हलवलं, तिथला भत्ता कमी आहे. आणि शेवटी म्हणाले, त्याच्यासारखं नाक मला पुन्हा मिळालेलं नाही.

अस्मिता : तुम्हाला वाटलं होतं हाकलून देतील.

केदार : त्या दिवशी चिडले होते. लोकांच्या घरात, लहान मुलांच्या पोटात जातं हे दूध, म्हणाले. आधी सांगायचं होतंस. त्यांचं बरोबरच होतं. त्यातलं एकही वाक्य मला खोडता आलं नाही.

अस्मिता : आणि संभाजी? खाली दिसले मला मघाशी.

केदार : साहेबांबरोबर आलाय. आज चहा पिताना मला म्हणतो, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून काम करता, हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं होतं. म्हणून दूध खराब असलं की तोंड जरा जास्तच वाकडं करायचो.

अस्मिता : अरे देवा. मग बोलले का नाहीत?

केदार : मी विचारलं. म्हणाला, तुम्हीच बोलत नव्हतात, मी कशाला काढू.

कादंबरी : आप्पासाहेबांचंही सांगा. तेही आले होते. कंपनीच्या वकिलाने त्यांना पढवून आणलं होतं की स्कूटर वेगात होती. ते उभे राहिले आणि म्हणाले, मी मागे बघितलं नव्हतं. एवढंच. बसले खाली.

अस्मिता : संत्री आणणारा माणूस खोटं कशाला बोलेल.

कादंबरी : तसं नसतं हो. संत्री आणून खोटं बोललेले मी पाहिलेत. हे नाही बोलले.

अस्मिता : मग यांनी काय केलं? वकील गप्प कशाने झाला?

कादंबरी : त्याने विचारलं, वास न येणं दिसत नाही, दुखत नाही, नोकरी चालू आहे, जेवता-खाता आहात. मग तुमचं बिघडलं काय? मी मनात म्हटलं, आता हे ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात.

अस्मिता : म्हणाले?

कादंबरी : नाही. जे म्हणाले, ते मी शिकवलेलं नव्हतं. त्यांनाच विचारा. मी त्या वकिलाशी बोलून येते, तो तडजोडीचं म्हणतोय. आता आकडा माणसांत आलाय. पटला तर पुढच्या लोकअदालतीत मिटून जाईल, नाही पटला तर लढू. दोघं ठरवा. घाई नाही.

केदार : मॅडम, तुम्हाला पटतोय का?

कादंबरी : पटतोय. पण नाक माझं नाही. येतेच मी.

अस्मिता : काय म्हणालात आत?

केदार : घरी सांगतो.

अस्मिता : अख्ख्या कोर्टाला सांगितलंत, मला बाकावर सांगता येत नाही?

केदार : तो कंपनीचा वकील विचारत होता, काय बिघडलं. मी सांगणार होतो दुधाचं, भत्त्याचं. तोंडातून दुसरंच निघालं.

अस्मिता : काय?

केदार : म्हटलं, घरी गेल्यावर घरी आल्यासारखं वाटत नाही. दार उघडतो, चपला काढतो. भिंती त्याच, माणसं तीच. पण दुसऱ्या कुणाच्या घरात शिरलोय असं वाटतं. आपल्या घराला काही वास होता हे मला कधी माहीतच नव्हतं. तो गेल्यावर कळलं. तुझ्या साडीला, उशीला, कशालाच काही नाही. काचेपलीकडून बघतो मी सगळ्यांना.

अस्मिता : आणि मला हे आज कळतंय.

केदार : कसं सांगायचं? घर आपलं वाटत नाही, असं बायकोला कसं सांगतात?

अस्मिता : मी बघायचे ना. चपला काढून तसेच दारात उभे राहायचात. मी स्वयंपाकघरातून बघायचे. मला वाटायचं, मरता मरता वाचलेल्या माणसाचं मन उडतं म्हणतात संसारावरून, तसं झालं असेल. माझ्यावरून उडालं असेल.

केदार : नाही गं.

अस्मिता : ऋतुजालाही सांगून ठेवलं होतं, बाबांशी फार बोलू नकोस, त्यांना निवांत राहू दे. आम्ही दोघी घरात दबक्या पावलांनी फिरत होतो.

केदार : म्हणून घर एवढं शांत होतं होय. मला वाटलं, तेही मलाच ऐकू येत नाहीये.

अस्मिता : डॉक्टर काय म्हणाले होते शेवटी? येईल परत?

केदार : बहुतेक नाही, म्हणाले. वर्ष उलटलं की फारशी आशा धरू नका.

अस्मिता : बरं.

केदार : पैशांचं काय करायचं? घ्यायची का तडजोड?

अस्मिता : मॅडमना पटतंय ना? मग घेऊ. आणखी किती वेळा त्यांना सांगत बसाल, काय बिघडलं म्हणून. मला मात्र एक गोष्ट सांगायची राहिलीय तुमची.

केदार : कोणती?

अस्मिता : तुम्ही दारात उभे असता तेव्हा मी काय करायचं ते.

केदार : बोलत जा.

अस्मिता : काय बोलू?

केदार : काहीही. फोडणीत काय टाकलंय तेवढं सांगत जा.